खंडेनवमीचे काडतूस

शनिवार, अठरा ऑक्टोबर, सकाळचे आठ वाजून दहा मिनिटे. आईने पाटावर माझी रायफल आडवी ठेवली, नळीला हळदीकुंकू लावले, पेल्यात उभी केलेली काडतुसे तिच्यापुढे मांडली आणि त्या सर्वांवर अक्षता टाकल्या. अस्वलाची बातमी घेऊन शेजारचा टॉइवो आला तो त्यानंतर. पण त्या दिवसाची सुरुवात मी या अक्षतांपासून धरतो, कारण अडचण तेथे सुरू झाली.

आम्ही मिशिगनच्या अगदी उत्तरेला, लोखंडाच्या खाणीच्या गावात राहत होतो. माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, खाणीच्या प्रयोगशाळेत धातुतज्ज्ञ होते. कोल्हापूरहून तेथे कसे पोहोचलो, ती हकीगत या प्रकरणाची नाही. घर लाकडी होते आणि आवाजांनी भरलेले असे. खनिजाच्या वाघिणी उतारावरून गेल्या की मांडणीतील ताटे एकमेकांना लागत. शेगडीतील बर्चची ओली लाकडे तडतडत. आणि या सगळ्यावर आईचा खलबत्ता चाले. देशाहून आलेल्या मिरच्या संपल्या की ती गावच्या दुकानातील मिरच्यांवर काम चालवी आणि आठवडाभर त्या दुकानदाराची अक्कल काढी. ज्वारी मिळत नसे. गावात फिनलंडहून आलेल्यांची वस्ती होती आणि ते लोक राय नावाच्या धान्याचा काळपट पाव खात. आईने रायच्या पिठाची भाकरी थापून पाहिली. पहिल्या तीन तव्यावर चिकटल्या. चौथी फुगली. त्यानंतर आमच्या घरी हरणाचा पांढरा रस्सा आणि रायची भाकरी हे रविवारचे जेवण ठरले. चाळीस वर्षांनंतर मला ज्वारीची भाकरी रोज मिळते. चांगली असते. पण तिच्यात काहीतरी कमी आहे असे वाटते, आणि ते काय हे मला ठाऊक आहे.

आमच्या कुंपणापलीकडे टॉइवो राहत असे. तो खाणीतून निवृत्त झालेला विधुर होता. आई त्याला भाऊजी म्हणे आणि त्या हाकेला तो ओ देई. त्यांचे बोलणे मोडक्या इंग्रजीत चाले. मी ते मराठीत देतो आहे. त्याच्या बटाट्याच्या शेतामागे मधमाश्यांच्या पेट्या होत्या. त्या त्याच्या बायकोने, आयनोने, वाढवल्या होत्या. ती गेल्यावर त्याने माश्यांकडून डंख खात खात ते काम शिकून घेतले. त्या शरद ऋतूत एका काळ्या अस्वलाने पेट्यांचा मार्ग धरला. आठवड्याला एक पेटी उलथी पडू लागली. टॉइवोच्या खांद्याची शस्त्रक्रिया झालेली होती आणि हात गळ्यात बांधलेला होता, म्हणून बंदूक त्याला उचलत नव्हती. एके दिवशी तो आमच्या स्वयंपाकघरात बसला आणि म्हणाला, "आणखी एकदा आला, तर उरलेल्या पेट्या मी जाळून टाकणार. दर सकाळी उठून मोडलेलं बघायला मी माश्या पाळत नाही." आवाज चढला नव्हता. म्हणूनच आम्हाला ते खरे वाटले. अस्वलाचा परवाना घरात फक्त माझ्याजवळ होता. मी अठरा वर्षांचा होतो. मी म्हणालो, मी बघतो.

आईला अस्वल मारण्याचे वावडे नव्हते. नाते मात्र तिने आधी स्पष्ट केले. "जांबुवंताची जात आहे ती. कृष्णाचे सासरे. मान राखून काय ते करा." तेव्हापासून घरात त्या प्राण्याला सासरेबुवा म्हणत.

आबांचा आक्षेप वेगळा होता. मी हरणाची काडतुसे घेऊन निघालो होतो. त्यांनी एक उचलून नखावर फिरवले. "का हेच?"

"हरणाला चालतं."

"सासरेबुवा हरीण आहेत का?"

 आबांनी ते खडसावून नव्हे, तर वर्गात समजावावे तसे सांगितले. अस्वलाच्या अंगावर दाट केस आणि त्याखाली हिवाळ्यासाठी साठवलेली चरबीची रजई असते. लहान भोक ती चरबी बुजवून टाकते. रक्त बाहेर येत नाही, आले तर केसांत मुरते. जनावर झाडीत जाऊन मरते आणि सापडत नाही. म्हणून गोळी अशी हवी, जी खांद्याच्या हाडाला लागून फुटून जाणार नाही, उमलेल पण एकसंध राहील, आणि पलीकडून बाहेर पडेल. "एक भोक पुरत नाही," ते म्हणाले, "दोन हवीत. वेग कमी झाला तरी चालेल, वजन हवं." आबांनी आयुष्यात कागदाखेरीज कशावरही गोळी झाडली नाही. हे येथे नोंदवतो, कारण पुढे त्यांचे म्हणणे खरे ठरले.

कागदाचा प्रश्नही सोपा नव्हता. गोळी तपासायची तर ओल्या कागदाच्या गठ्ठ्यात झाडतात. ओला कागद मांसासारखा वागतो. आबा रद्दी गोळा करू लागले तेव्हा आई दारात उभी राहिली. "कागद म्हणजे विद्या. पाय लागला तर नमस्कार करतो आपण. त्याच्यावर गोळ्या झाडणार तुम्ही?" आबांनी टेलिफोनची डिरेक्टरी पुढे केली. तिने दोन पाने चाळली. "ही तर माणसांची नावं. हे त्याहून वाईट." शेवटी दुकानांच्या जाडजूड कॅटलॉगवर तडजोड झाली. कॅटलॉग विद्येत मोडत नाही, लोभात मोडतो, असा तिने निवाडा दिला. आम्ही ते कॅटलॉग टबात भिजवले, खडीच्या खाणीत नेऊन उभे बांधले आणि दोन प्रकारच्या गोळ्या झाडल्या. दीडशे ग्रेन, म्हणजे जेमतेम दहा ग्रॅम, वजनाची टोकदार, हलकी गोळी बायकांच्या कोटांच्या पानांतच फुटली. पानापानांत शिशाचे कण सापडले. एकशेऐंशी ग्रेनची बोथट नाकाची गोळी कोट, भांडी आणि पडदे ओलांडून हत्यारांच्या पानांपर्यंत गेली आणि तेथे अळंबीसारखी उमलून बसली. आबांनी ती मायक्रोमीटरने मोजली आणि खिशात घातली. "हीच," ते म्हणाले. गावच्या दुकानात तसल्या काडतुसांचा एकच डबा होता. नेम बसवण्यात बरीच गेली. उरलेली पाच आईने पेल्यात उभी केली होती.

आता अठरा तारखेकडे येतो. पाटावर रायफल होती, काडतुसे होती, आईची विळी, घरातले चाकू, आबांचा मायक्रोमीटर, त्यांचा प्रयोगशाळेतून आणलेला वजनकाटा, हातोडी आणि करवतही होती. आमच्या घरचा रिवाज असा की, खंडेनवमीला जे हत्यार पुजले ते दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा झाल्याखेरीज हलवायचे नाही. त्या दिवशी हत्यारांना सुटी. आईच्या माहेरी लढाईतल्या तलवारी पुजल्या जात, असे ती सांगे. आबा म्हणत, लढाई नवमीला आली असती तर काय केले असते, हे तिच्या माहेरच्यांनी कधी सांगितले नाही.

दुपारी बाराच्या सुमारास टॉइवो आला. टोपी हातात होती. "पहाटे येऊन गेला. एक पेटी फोडली, दुसरी अर्धी खाल्ली. आज परत येणार. अर्धं ताट टाकून कोण जातं? आज सुटला, तर उद्या उरलेल्या पेट्या जाळतो." हंगामाचे शेवटचे दिवस होते. मी सुटीला घरी आलो होतो आणि सोमवारी मला कॉलेजला परतायचे होते. जे व्हायचे ते त्या संध्याकाळी. टॉइवोने पाटाकडे पाहिले. रायफलवर झेंडूऐवजी आईने वाहिलेली पिवळी रानफुले होती. "मिसेस, ही बंदूक वारली का?"

"विश्रांती घेतेय," आई म्हणाली. "उद्या सकाळी उठेल."

आबांनी घड्याळ पाहिले. त्यांनी अत्यंत सभ्यपणे मुद्दा मांडला. "अडीच वाजता कोल्हापुरात तारीख बदलते. तिकडं दसरा लागतो. त्यानंतर उचलायला हरकत नसावी."

"तिथी काय मध्यरात्री बदलते होय? सूर्य उगवल्यावर बदलते."

"मग सूर्यही तिकडं आधी उगवतो."

"पूजा कुठं मांडलीय? इथं. मग सूर्य पण इथलाच." तिने विषय संपवला आणि टॉइवोसमोर खिरीची वाटी ठेवली. आमच्या घरात दोन गोष्टींवर वाद नसे: आबांचे मोजमाप आणि आईची पूजा. त्या दिवशी त्या दोन गोष्टी समोरासमोर आल्या होत्या, आणि आबांनी मोजमाप मागे घेतले.  टॉइवोने खीर संपवली, वाटी पुसून काढली, आणि म्हणाला, "माझ्या बापाची थर्टी-थर्टी रायफल आहे. तिच्यानं त्यानं किती अस्वलं पाडली ते सांगून मला पाप लावून घ्यायचं नाही."

तो एका हाताने ती रायफल आणि कॉफीचा एक डबा घेऊन आला. डब्यात काडतुसे होती. मूळ खोके केव्हाच हरवले होते. काही हिरवी पडली होती. ती मी बाजूला काढली. उरलेली सगळी एकाच कंपनीची होती आणि दिसायला अगदी सारखी होती. आबांनी विचारले, "यांत कुठली दीडशे ग्रेनची आणि कुठली एकशेसत्तरची?"

"सगळी थर्टी-थर्टीची," टॉइवो म्हणाला. "बंदुकीला आवडतात, मला एवढं कळतं."

येथे फरक वीस ग्रेनचा होता, म्हणजे चिमूटभर. पण हलकी गोळी कोटांत फुटते, हे आम्ही पाहिले होते. मायक्रोमीटर पाटावर. काटा पाटावर.  आबांनी वर फळीकडे पाहिले. तेथे आईचा पितळी तराजू होता. तिने तो चिंच आणि खोबरे तोलायला देशाहून आणला होता. आबांनी तिच्याकडे पाहिले.

"तराजू लक्ष्मीचा," आई म्हणाली. "त्याची पूजा दिवाळीत. घ्या."

आम्ही जेवणाच्या टेबलावर बसलो. एका पारड्यात एक काडतूस, दुसऱ्यात दुसरे. पारडी सारखी राहिली तर दोन्ही एका बाजूला, एक झुकले तर जड ते वेगळे. टॉइवो पुढे वाकून पाहत होता. "माझ्या लग्नातसुद्धा इतकी चौकशी झाली नव्हती." हळूहळू दोन ढीग झाले. मग आबा आणि मी उरलेला एक कॅटलॉग भिजवून खडीच्या खाणीत गेलो. हलक्या ढिगातले एक झाडले. जड ढिगातले एक झाडले. हलकी गोळी भांड्यांच्या पानांत विरली. जड गोळी पडद्यांच्या पानांवर थांबली, उमललेली आणि एकसंध. आमच्या पाटावरच्या गोळीइतकी ती गेली नाही. मी ते बोलून दाखवले. आबा भिजलेली पाने हाताने चाळत होते. "गोळी बदलता येत नाही ना?" ते म्हणाले. "मग अंतर बदल."

मला वाटते, त्या वर्षी मी जे शिकलो त्यातले हे एक वाक्य उपयोगी पडले. माझी मुलगी मिशिगनच्याच दक्षिणेला, नोव्हाय गावी राहते आणि गाड्यांच्या कंपनीत काम करते. गेल्या महिन्यात तिचा फोन आला. "बाबा, मला बेअरचं लायसन्स मिळालं. ॲमो कुठलं घेऊ? ऑनलाइन वाचलं तर प्रत्येकजण वेगळं सांगतो यार. कोणी म्हणतं कॉपर घ्या, कोणी म्हणतं हेवी घ्या." मी विचारले, किती जवळ बसणार. ती म्हणाली, "ते अजून डिसाइड नाही केलं." मी म्हणालो, आधी ते डिसाइड कर, मग फोन कर. तिने फोन ठेवला. तिला मी कोरडा वाटतो. दोन दिवसांनी तिने अंतर सांगितले, आणि मग आम्ही तासभर बोललो.

माझ्या स्वतःच्या रायफलने मी टेकाडावरून, शेताच्या या टोकाकडून नेम धरणार होतो. टॉइवोच्या बापाच्या रायफलला दुर्बीण नव्हती आणि गोळी पडद्यांपर्यंतच जाणार होती. म्हणून जागा बदलली. पेट्यांच्या जवळ टॉइवोची सौना होती. सौना म्हणजे त्या लोकांचे वाफेचे लाकडी न्हाणीघर. तेथून पेट्या इतक्या जवळ होत्या की त्यांवरचा रंग कोठे उडाला आहे ते दिसे. भिंतींना वर्षानुवर्षांच्या धुराचा वास होता, माणसाचा वास त्यात हरवून जाई. वारा पेट्यांकडून आमच्याकडे होता. मी नारिंगी जाकीट घातले. शिकाऱ्याने ते घालावे असा नियम आहे. आईने ते पाहून "भगवं शोभतं" एवढेच म्हटले आणि माझ्या कपाळाला कुंकू लावले. मग ती म्हणाली, "सासरेबुवांना ताटकळत ठेवू नकोस. एकदाच, आणि नीट. नाहीतर झाडू नकोस, तसाच घरी ये. रस्सा आहेच."

आबा माझ्यासोबत आले. ते सौनेच्या बाकावर मागे बसले, कोट घालून, कपाळावर कुंकवाचा टिळा, खाणीतल्या एखाद्या बैठकीला बसावे तसे. सकाळी टॉइवोने सौना तापवली होती, त्यामुळे बाक अजून कोमट होता. मी दाराच्या फटीतून नळी बाहेर काढली आणि बसून राहिलो. मेपलची पाने पडत होती आणि प्रत्येक पान पडताना ऐकू येत होते. माझे पाय बधिर झाले. मागे आबांचे पोट एकदा गुरगुरले. "खीर," ते हलकेच म्हणाले. मी हसलो असतो तर नळी हलली असती.

सूर्य झाडांवर टेकला तेव्हा अस्वल आले. काळे, लठ्ठ, घाई नसलेले. एखाद्या यजमानाने आपल्याच कोठारात शिरावे तसे. त्याने अर्धी खाल्लेली पेटी ओळखली आणि तिच्यात नाक घातले. ते माझ्या दिशेला तोंड करून होते. मी झाडले नाही. समोरून नेम धरला तर गोळी पलीकडून बाहेर पडणार नाही, हे मला माहीत होते. ते चाटत राहिले. एक माशी त्याच्या कानावर बसली. त्याने कान झटकला.  आबांचा श्वास ऐकू येत नव्हता. मग अस्वल दुसऱ्या पेटीकडे वळले, बाजूने उभे राहिले आणि पुढचा पाय पुढे टाकला. खांद्यामागची जागा उघडी पडली. मी घोडा दाबला.

अस्वल एकदा वाकले आणि आल्डरच्या झुडपांत धावले. नंतर काहीच आवाज आला नाही. मी उठू लागलो. आबांनी माझ्या जाकिटाचे टोक धरले आणि दुसऱ्या हातातले घड्याळ दाखवले. आम्ही थांबलो. ते थांबणे मला दिवसभरातले सर्वांत लांब वाटले, कारण त्यात करण्यासारखे काही नव्हते. झाडीत जखमी अस्वल असले तर अंधारापूर्वी ते शोधावे लागणार होते. आणि ते सापडले नाही, तर टॉइवोच्या पेट्या वाचूनही मी हरलो असतो.

मग आम्ही गेलो. वाळलेल्या गवतावर रक्त होते. वाटेच्या डाव्या बाजूला होते आणि उजव्या बाजूलाही. आबा वाकले आणि दोन्ही बाजूंना एकेक बोट दाखवले. दोन भोके. अस्वल टॉइवोच्या बटाटे साठवण्याच्या खळग्याशी पडले होते, थोड्याच अंतरावर. मी काठीने त्याच्या डोळ्याला स्पर्श केला. ते हलले नाही. आईने सांगितल्याप्रमाणे मी त्याला नमस्कार केला. आबांनी पलीकडच्या बाजूचे केस बाजूला सारून भोक पाहिले.

"पडदे ओलांडले," ते म्हणाले.

त्यांनी माझी केलेली ही सर्वांत मोठी प्रशंसा होती. त्यानंतर त्यांनी कोट काढून फांदीवर टांगला आणि बाह्या वर केल्या.

टॉइवो कंदील घेऊन आला. त्याने अस्वल पाहिले, मग पेट्यांकडे गेला, एका हाताने पडलेले झाकण उचलून ठेवले आणि त्यावर तो हात तसाच ठेवून उभा राहिला. आम्ही तिकडे पाहिले नाही. चाकू त्याचा होता. आमचे पाटावर होते. मांस आम्ही सौनेत टांगले, चरबी आईने दोन पातेल्यांत मागून घेतली. मांस पूर्ण शिजवल्याशिवाय कोणी चव घ्यायची नाही, हा नियम आबांनी सर्वांना दोनदा सांगितला, टॉइवोला तीनदा. आईने मांसाचा एक तुकडा बोटाने दाबून पाहिला. "म्हाताऱ्या बोकडासारखं आहे. कांदा-लसूण जास्त लागेल."

घरी आल्यावर मी टॉइवोच्या बापाची रायफल टेबलावर घेतली. नळीतून चिंधी फिरवली, तेल लावले, लाकूड पुसले. टॉइवो हात धुऊन भाकरी खात होता. तो म्हणाला, "आण इकडं. घेऊन जातो."

आई हळदीकुंकवाचा करंडा घेऊन आली. "हेही शस्त्रच. नवमीला राबलं आणि पूजा नाही, असं कसं चालेल?" तिने नळीला हळदीकुंकू लावले आणि मला खूण केली. मी ती रायफल पाटावर माझ्या रायफलीशेजारी ठेवली. टॉइवोने चघळणे थांबवले.

"म्हणजे आता हीसुद्धा उद्या?"

"उद्या. उत्तरपूजा झाल्यावर. सोनं घ्यायला या, तेव्हा न्या."

"ठीक आहे," टॉइवो म्हणाला. "उद्या रविवार. चर्चला मी तसाही बिनबंदुकीचाच जातो." मग थोडे थांबून, आबांकडे न पाहता, त्याने विचारले, "तुमच्याकडे लहान खिळे असतील का? त्या दोन पेट्यांच्या फळ्या ठोकायच्या आहेत. थंडीआधी."

"खिळे आहेत," आबा म्हणाले. "हातोडी पाटावर आहे."

"खिळे आज द्या. हातोडी माझी आहे."

 आईने त्याच्या ताटात न विचारता आणखी एक भाकरी वाढली. मी फडताळातून खिळ्यांची पिशवी काढली. कॉफीच्या डब्यातली उरलेली जड काडतुसे एका फडक्यात बांधली, हलकी दुसऱ्या फडक्यात, आणि दोन्हींवर आबांच्या पेन्सिलने वजन लिहिले. रिकामा डबा आतून पुसला. त्यात लहान खिळे भरले, झाकण घट्ट बसवले आणि डबा दारापाशी, टॉइवोच्या बुटांशेजारी ठेवला.